तीस इंच

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. 'बसलोय' ही आपली बोलायची पद्धत. खरं तर उभा राहून लिहितोय. समोर चार चाकांची एक गाडी आहे. तिच्यावर लॅपटॉप आणि एक स्क्रीन, खाली एका बाजूला दोन खण, तळाशी यूपीएस, आणि मागे दोरीला टांगलेली धान्याच्या दुकानातली लोखंडी वजनं. सौ. तिला 'रथ' म्हणते. लेक 'बाबांची हातगाडी' म्हणते. वेल्डिंगवाल्याला पहिलं चित्र दाखवलं तेव्हा तो म्हणाला होता, "काका, वडापावची गाडी टाकताय का?"

ही गाडी करायच्या नादात मी टेबल नावाच्या वस्तूचा इतिहास उकरत बसलो. आज ते सगळं एकदा लिहून टाकतो. नातेवाईक मंडळींना यातलं काही ओळखीचं वाटेल. बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं.

आधी गाडीची गरज का पडली ते सांगतो.

आम्ही राहतो द्वारकेला. नाशिकबाहेरच्यांसाठी खुलासा: ही श्रीकृष्णाची द्वारका नव्हे. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना भेटतात, तो हा चौक. २०१३ मध्ये वरून उड्डाणपूल गेला, तरी खालची वर्दळ काही आटली नाही. पायी चालणाऱ्यांसाठी भुयारी मार्ग केला, पण लोक आपले वरूनच, गाड्यांना हात दाखवत रस्ता ओलांडत राहिले. जिना उतरा, चाला, पुन्हा चढा, हे पायांना पटत नाही. कागदावर माणूस कुठूनही नेता येतो, प्रत्यक्षात तो त्याच्या पायांनी जातो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे माझ्यावरच उलटणार आहे.

२०२० च्या मार्चमध्ये लेक पुण्याहून लॅपटॉप घेऊन घरी आली. चौक एकाएकी गप्प झाला. मे महिन्यात याच आग्रा रोडवरून डोक्यावर बोचकी घेतलेली माणसं उत्तरेकडे चालत जाताना आम्ही पाहिली. आमची लेक मात्र घरात, जेवणाच्या टेबलावर बसून काम करू शकत होती. तक्रार करायला तोंड नव्हतंच. पण जून उजाडला तसे तिचे खांदे दुखायला लागले, मग मान, मग उजव्या हाताची बोटं बधिर. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, आधी टेबल-खुर्चीचं काहीतरी बघा.

मी टेप घेऊन बसलो. आयुष्यभर ड्राफ्ट्समनची नोकरी केली, दुसरं काय सुचणार! पद्धत सोपी आहे. खुर्चीची उंची अशी ठेवायची की पावलं जमिनीवर पूर्ण टेकतील. खांदे सैल सोडायचे. कोपरात हात काटकोनात वाकवायचा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर मोजायचं. टाइप करताना हात साधारण त्याच उंचीवर हवा. लेकीची उंची पाच फूट. तिचं माप आलं चोवीस इंच. मी पाच फूट आठ. माझं आलं सत्तावीस. आणि टेबल? तीस इंच.

म्हणजे घरातल्या सगळ्यात उंच माणसालाही ते तीन इंचांनी उंच, आणि जी दिवसाचे दहा तास त्यावर काम करते तिला सहा इंचांनी. खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळतात, खाली घेतली की खांदे कानांना लागतात. बाजारात चौकशी केली. सगळी टेबलं एकोणतीस-तीस इंचांची. सुतारमामांना विचारलं तर म्हणाले, "टेबल म्हणजे अडीच फूटच असतं." जणू सूर्य पूर्वेला उगवतो तसं.

मग प्रश्न पडला, हे अडीच फूट आमच्या घरात आलं कुठून?

माझे आजोबा पंचवटीत एका धान्याच्या आडतीवर दिवाणजी होते. त्यांचं 'ऑफिस' म्हणजे एक गादी, मागे लोड आणि समोर उतरत्या झाकणाची एक लाकडी पेटी. आम्ही तिला नुसतं डेस्क म्हणायचो. झाकणावर चोपडी ठेवून लिहायचं. झाकण उचललं की आत दौत, टाक, पावत्यांची गड्डी, सुट्टी नाणी आणि आम्हा नातवंडांसाठी खडीसाखर. कीर्द-खतावणी त्यातच. आडतीतून घरी यायची वेळ झाली की कुलूप लावून पेटी आतल्या खोलीत. दिवाळीत वह्यापूजनाला तिच्यावरही हळदकुंकू.

आता नीट पाहिलं तर त्या पेटीत सगळं होतं. साठवण होती. एका माणसाला उचलून नेता येत होती. आणि उंची? मांडी घालून बसलेल्या माणसाचे गुडघे आणि कोपर यांच्यामधल्या जागेत ती बसत होती. शिवाय आजोबांनी मागे एक फळी सरकवून तिचा उतार आपल्या डोळ्यांप्रमाणे करून घेतला होता.

त्याही मागे गेलं तर पेटीसुद्धा लागत नसे. मोडी लिहिणारा कारकून एक गुडघा उभा करून त्यावर कागद टेकवायचा आणि बोरूने सरसर लिहीत जायचा. पत्राचा कागद अरुंद आणि लांब, एकेका तुकड्याला 'बंद' म्हणत. हातात किंवा गुडघ्यावर धरायला सोयीचाच. शाई वाळवायला वरून बारीक वाळू भुरभुरायची. टेबल म्हणजे त्याचा स्वतःचा गुडघा. ज्याची उंची त्याच्याचसाठी बेतलेली, अशा गुडघ्याहून चांगलं मेज कोण करणार?

आणि साठवण म्हणजे दप्तर. कागद कापडात बांधायचे, त्या गाठोड्याला 'रुमाल' म्हणायचं. पेशवे स्वारीवर निघाले की कारकून आणि दप्तर बरोबर निघे. राज्याचा हिशेब घोड्याबैलांच्या पाठीवरून फिरे. पुण्यात पेशवे दप्तरातले कागद असेच रुमालांत बांधलेले राहिले. १९३० च्या दशकात रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. अरबी-फारसीच्या वाटेने आलेला हा शब्द मुळात ग्रीक भाषेतला, अर्थ 'कातडं'. कातड्यावर लिहीत म्हणून. कातड्यापासून कागदाच्या गाठोड्यापर्यंत, तिथून कचेरीपर्यंत आणि शेवटी पोराच्या शाळेच्या पिशवीपर्यंत या शब्दाने प्रवास केला. फिरती साठवण म्हणा ना.

आमच्या नाशकात ही पद्धत अजून डोळ्यांनी बघता येते. रामकुंडावर जा. तीर्थोपाध्याय तुमचं आडनाव विचारतील, मूळ गाव विचारतील, आणि कापडात बांधलेली नामावळीची वही काढून तुमच्या पणजोबांचं नाव दाखवतील. वही मांडीवर. टेबल नाही, खुर्ची नाही. मी स्वतः तिथे आजोबांचं नाव त्यांच्याच अक्षरात पाहिलंय. गळा दाटून आला होता, पण तो विषय वेगळा.

अजून एक गंमत. 'व्यासपीठ' म्हटलं की आज आपल्याला भाषणाचं स्टेज आठवतं. मुळात व्यासपीठ म्हणजे पुराण सांगताना पोथी ठेवायची छोटी चौकी. पोथी डोळ्यांजवळ यावी, मान खाली घालून दुखू नये. लॅपटॉपखाली ठेवायचा स्टँड आपण हल्ली विकत आणतो ना, तेच काम.

मग टेबल-खुर्ची आली ती साहेबाबरोबर. खुर्ची हा शब्द आपल्याकडे आधीच होता, पण खुर्चीवर बसायचा मान ठरावीक लोकांनाच. १८६९ मध्ये नाशिक स्वतंत्र जिल्हा झाला. जिल्ह्याचा साहेब हिवाळ्यात दौऱ्यावर निघे आणि तंबूत कचेरी भरवी. त्याच्याबरोबर जे फर्निचर जायचं ते आजही थक्क करतं. पाय फिरकीने निघणारी टेबलं, दोन भागांत सुटणारी खणांची कपाटं, उघडली की लिहायची पाटी होणाऱ्या पेट्या. लष्कराचीही हीच तऱ्हा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांच्या छावण्यांत वापरात आलेली, काठ्या आणि कापडाची सुटी होणारी एक खुर्ची तर रूरकी गावाच्या नावानेच जगभर ओळखली जाते. म्हणजे सुटं होणारं, हलणारं, साठवण असलेलं टेबल इंग्रजांनाही ठाऊक होतं. पण ते कोणासाठी? साहेबासाठी. कारकून तंबूच्या कडेला मांडी घालूनच लिहीत असे.

पुढे कचेऱ्या पक्क्या झाल्या, कारकुनालाही टेबल मिळालं. ही बढतीच होती, यात शंका नाही. पण ते टेबल साहेबाच्या देशातून आलं तसं मापही तिथलंच घेऊन आलं, आणि आता ते हलत नव्हतं. गुडघा गेला, पेटी गेली, उंची पक्की झाली.

टाइपरायटरने यात थोडी गडबड केली. रेमिंग्टन कंपनी बंदुका बनवायची आणि शिलाई मशीनही. १८७४ मध्ये तिने पहिला टाइपरायटर बाजारात आणला तो चक्क शिलाई मशीनसारख्या स्टँडवर बसवून. पायाखाली पायटा होता. तो दाबला की कागदाचा रूळ परत जागेवर. म्हणजे जगातलं पहिलं टायपिंगचं टेबल शिंप्याकडून आलं होतं! यंत्राचीच उंची सहा-सात इंच, त्यामुळे पुढे टायपिंगची टेबलं लिहायच्या टेबलापेक्षा तीन-चार इंच बुटकी करू लागले. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय टाइपरायटर आणला. त्यानंतरच्या काळात गावोगावच्या टायपिंग क्लासमध्ये जे शिकले त्यांना ती बुटकी टेबलं आठवत असतील. टाइपरायटर गेले आणि त्यांच्याबरोबर ती टेबलंही गेली. कीबोर्ड मात्र राहिला, आणि तो जाऊन बसला पुन्हा लिहायच्या टेबलावर, तीस इंचांवर.

उंची ठरवणारा माणूस कोण, याचं एक भारी उदाहरण वाचनात आलं. ल कॉर्बुझिए हा थोर वास्तुरचनाकार. त्याने माणसाच्या शरीरावरून मापांची एक पद्धत बसवली, 'मोड्युलर' नावाची. आधी त्याने माणूस धरला १७५ सेंटिमीटरचा. मग बदलून केला १८३ सेंटिमीटरचा, म्हणजे सहा फूट. कारण? इंग्रजी रहस्यकथांतले देखणे पुरुष, उदाहरणार्थ पोलीस, नेहमी सहा फुटांचे असतात! हे कारण तेव्हा गंभीरपणे पुढे केलं गेलं, आणि याच मापांवर १९५० च्या दशकात आपलं चंडीगड उभं राहिलं. आपल्याकडची माणसं मोजून केलेलं भरभक्कम पुस्तक यायला १९९७ उजाडलं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रवर्ती यांचं ते पुस्तक काढलं. नुसती मापं: कोपर, गुडघा, डोळा, हाताची पोच, बायकांची वेगळी, पुरुषांची वेगळी. मला ते कादंबरीसारखं वाटलं. सौ.चं मत वेगळं आहे.

आता माझी स्वतःची गोष्ट.

मी सातपूरला एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. आमच्या ड्रॉइंग ऑफिसात प्रत्येकाला एक बोर्ड. लाकडी फळा, त्यावर ड्राफ्टर, आणि मागे वजनांचा तोल. एक पायटा दाबला की फळा हाताच्या बोटाने वर-खाली व्हायचा. मोठं असेंब्ली ड्रॉइंग असलं की उभा करून उभ्यानेच काढायचं. बारीक काम असलं की खाली घेऊन स्टुलावर बसायचं. माझ्या शेजारचा सहकारी जेमतेम पाच फूट दोन इंच, मी पाच आठ. पाळी बदलली की तो येऊन बोर्ड खाली घ्यायचा, मी गेलो की वर. यात कुणाला कधी काही विशेष वाटलं नाही.

ऑटोकॅड पहिल्यांदा १९८२ मध्ये आलं. आमच्याकडे पोचायला नव्वदचं दशक उजाडलं. बोर्ड गेले, भंगारात किलोवर विकले गेले. त्यांच्या जागी आली सनमायका लावलेली टेबलं, सगळी एका उंचीची, एका ओळीत. आम्ही खूश. कॉम्प्युटर मिळाला ना! वर्षभरात निम्म्या ऑफिसच्या माना धरल्या. तरी कुणी म्हटलं नाही की अरे, यंत्र नवीन आलं पण टेबल जुन्याहून जुनं आलं.

खरं तर कॉम्प्युटरवाल्यांना हे सुरुवातीलाच कळलं होतं. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत माउस, पडद्यावरचा मजकूर, दूरवरच्या माणसाशी पडद्यावरून बोलणं हे सगळं एकदम करून दाखवलं. माउसबद्दल सगळे बोलतात. पण त्या दिवशी ते ज्यावर बसले होते ती खुर्चीही खास होती: कीबोर्ड आणि माउसची पाटी खुर्चीलाच जोडलेली. हर्मन मिलर या फर्निचर कंपनीच्या जॅक केली यांनी ती बेतली होती. त्याच कंपनीच्या रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी १९६४ मध्ये जॉर्ज नेल्सन यांच्याबरोबर ऑफिससाठी जे फर्निचर आणलं त्यात उभ्याने काम करायचं टेबलही होतं. माणसाने दिवसभरात बसावं, उठावं, हिंडावं, असा त्यांचा विचार. १९६८ मध्ये त्याची हलवता येणाऱ्या आडोशांची दुसरी आवृत्ती आली. कंपन्यांनी त्यातलं हलवता येणं सोडून दिलं आणि आडोसे तेवढे उचलले. त्याचेच पुढे खुराडे झाले, जे आपली मुलं हिंजवडीत बघतात. प्रॉप्स्ट यांना म्हातारपणी याचा फार खेद होता.

आपल्याकडे घरोघरी जे 'कॉम्प्युटर टेबल' आलं होतं ते आठवतं का? खाली सीपीयूचा कप्पा, वर प्रिंटरची फळी, पुढे ओढायचा कीबोर्डचा ट्रे. हसण्यावारी नेऊ नका, तो सरकता ट्रे चार इंच खाली होता, टायपिंगच्या बुटक्या टेबलाचा तो वारस होता. लॅपटॉप आला आणि ट्रेही गेला. शिवाय लॅपटॉपमध्ये स्क्रीन आणि कीबोर्ड एकत्र बांधलेले. स्क्रीन डोळ्यांसमोर आणली तर हात वर, हात नीट ठेवले तर मान खाली. दोघांपैकी एकाने दुखायचंच.

असो. तर २०२१ मध्ये ठरवलं, आपणच करायचं. चौकातले हॉर्न परत सुरू झाले होते. संध्याकाळी मीटिंग आली की लेकीला मागच्या खोलीत जावं लागे, आणि नेटवर्क बरं मिळे पुढच्या खोलीत. म्हणून चाकं हवीत. चार्जर, हेडफोन, वह्या, औषधं, सगळं बरोबर जावं म्हणून खण हवेत. आणि उंची वर-खाली.

बाजारात मोटारवाली टेबलं मिळतात, पण ती एकदा ठेवली की तिथेच. मला आठवला माझा बोर्ड आणि त्याचा तोल. मागे दोन उभे चॅनेल, त्यात रोलरवर सरकणारी टेबलाची फळी, वरून कप्पीवरून जाणारी दोरी, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला वजन. फळी, लॅपटॉप आणि स्क्रीन मिळून बारा किलो. आजोबांच्या आडतीतली वजनं माळ्यावर पडून होती: पाचची दोन, दोनचं एक. बरोब्बर बारा! सामान वाढलं तर किलोचं एक अडकवायचं. जड यूपीएस अगदी तळाशी, म्हणजे गाडी कलंडत नाही. चाकं तीन इंची, कारण दोन इंची चाक आमच्या उंबऱ्याला अडकतं. त्यातल्या दोनांना ब्रेक. एक्स्टेन्शन बोर्ड गाडीलाच ठोकला, म्हणजे भिंतीला एकच वायर. वर-खाली होणाऱ्या भागाच्या वायरी सैल सोडल्या, नाहीतर टेबल वर जाताना प्लग उपटून येतो.

पहिल्याच दिवशी मी पकड न आवळता लॅपटॉप आणि स्क्रीन उचलले. सात किलो कमी झाले, बारा किलो वजन खाली आलं आणि टेबल उसळून माझ्या हनुवटीवर. सौ. हसली, मग बर्फ आणला. ही चूक माझी, आणि ती सुधारायला सोपी होती. दुसरी चूक मात्र आतपर्यंत गेली.

लेक खुर्ची घेऊन बसली. मी अभिमानाने पकड सोडली आणि फळी खाली घेतली. अठ्ठावीस इंचांवर ती खटकन थांबली. खाली खणांची पेटी आडवी आली होती. एकावर एक तीन खण. तिसऱ्या खणात मला माझा कंपास, फ्रेंच कर्व्ह, जुन्या पट्ट्या ठेवायच्या होत्या.

लेक म्हणाली, "बाबा, माझं माप तुम्ही वहीत लिहिलंत. पण चित्र काढताना मला एकदाही विचारलं नाहीत."

मी काही बोललो नाही. मला एकदम आई दिसली.

आई चार फूट आठ इंच. जुन्या नाशकात वाड्यात राहायचो तेव्हा चूल जमिनीवर. ती पाटावर बसून, परातीत कणीक घेऊन, सगळ्या अंगाने मळायची. १९७२ मध्ये आम्ही ब्लॉकमध्ये आलो. गॅस आला, उभ्याचा ओटा आला. सगळ्यांनी कौतुक केलं, 'आता वाकायला नको'. ओटा होता चौतीस इंच, गवंड्याने ठरवलेला. आईचं कोपर उभ्याने पस्तीस इंचांवर असणार. पोळी लाटायला खालून वर नाही, वरून खाली जोर लावावा लागतो. त्यासाठी ओटा कोपरापेक्षा चांगला सहा-सात इंच खाली हवा. तिने काय केलं? जेवायचा पाट ओट्यापुढे ठेवला आणि त्यावर उभी राहिली. १९७२ पासून २००४ मध्ये ती जाईपर्यंत. रोजच्या पंचवीस पोळ्या. उजवा खांदा कायम दुखायचा. आम्ही बाम आणून द्यायचो. एकदा पाट सरकून ती पडली, तेव्हा बाबांनी पाटाखाली रबर लावून दिलं. सगळ्यांना ती मोठी सोय वाटली.

आणि मी? मी रोज सकाळी त्या पोळ्या डब्यात घेऊन कारखान्यात जायचो आणि पायटा दाबून बोर्ड माझ्या मापाचा करून घ्यायचो. बत्तीस वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही की ओटा चार इंच कापता येतो. मापं घेणं हा माझा धंदा होता. तिला मोजलं नाही, आणि विचारलंही नाही. तीही म्हणाली नाही. कदाचित तिलाही वाटत असेल, ओटा म्हणजे असाच असतो.

दुसऱ्या दिवशी खणांची पेटी खोलली. वरचा खण काढून टाकला, पेटी कापली, आणि उरलेले दोन खण एका बाजूला सरकवले म्हणजे गुडघ्यांना जागा झाली. कंपास आणि फ्रेंच कर्व्ह माळ्यावर गेले. साठवण कमी झाली, पण फळी आता चोवीसवर उतरते आणि बेचाळीसपर्यंत चढते. या वेळी लेक शेजारी बसून सांगत होती आणि मी कापत होतो. तिचे खांदे दोन-तीन महिन्यांत बरे झाले. नुसत्या गाडीने झाले असं म्हणणार नाही, व्यायामही होता. ती पुढे पुण्याला परत गेली. आठवड्यातले काही दिवस घरून काम असतं, तेव्हा तिथेही तिने आधी टेबलाचे पाय कापून घेतले. घरमालकाला विचारून, हे सांगायला हवं.

गाडी आता आमच्याकडे असते. मी उभ्याने लिहितो, सौ. बसून नातेवाइकांशी व्हिडिओवर बोलते. तिचे गुडघे धरतात म्हणून तिला जमिनीवर बसवत नाही. ती फळी सव्वीसवर घेऊन भाजीसुद्धा निवडते. कॉम्प्युटरची गाडी आहे, हे मी सांगून पाहिलं.

कुणाला करायची असेल तर मापं कळवीन. पण आधी जो वापरणार आहे त्याला मोजा, आणि चित्र काढताना त्याला शेजारी बसवा. आणि घरात ओट्यापाशी जे कोणी उभं राहतं, त्यांनाही एकदा विचारा.

शेवटची विनंती नातेवाइकांना. आजोबांची पेटी वाटणीत संगमनेरच्या काकूंकडे गेली. ती अजून माळ्यावर असेल तर कुणीतरी टेप लावून पुढची आणि मागची उंची मला कळवा. झाकणामागे आजोबांनी सरकवलेली ती फळी आहे का, तेही बघा. तिची जाडी हवी आहे.